मोटरीची चाल कमी-जास्त कशी होते?
फवारणी पंपाचे बटण आणि सौर पंपाची पेटी



उसाच्या जाती, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडव्याची निगा या विषयांवर आपण या पानावर नेहमीच बोलतो. या खेपेस विषय थोडा वेगळा घेतला आहे. कारण असे की, अलीकडे गट ऑफिसला येणाऱ्या सभासदांच्या प्रश्नांत खतापेक्षा पेट्यांचे प्रश्न जास्त असतात. "साहेब, बॅटरी पंपाचे बटण निम्म्यावर ठेवले तर बॅटरी खरेच वाचते का?" "सौर पंपाची मोटर ढगात फिरते, पेटीवर आकडा दिसतो, मग पाइपातून पाणी का पडत नाही?" "मोटरीतून बारीक शिट्टी येते, ती जळायच्या बेतात आहे का?" आणि चौथा प्रश्न, जो फार जड मनाने विचारला गेला, "पेटी जळाली. दुरुस्तीला आलेला म्हणतो तुमचीच चूक. आमची काय चूक झाली?"

हा चौथा प्रश्न ज्यांनी विचारला, ते आपल्या कार्यक्षेत्रातील एक कष्टाळू सभासद. बोअरवर पाच अश्वशक्तीचा सौर पंप बसवून त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. एप्रिल महिना, दोन एकर खोडवा चांगला फुटलेला. पूर्वी रात्री दोनच फेज वीज असायची तेव्हा मोटर चालवण्यासाठी कंडेन्सर लावलेली जुनी पेटी त्यांच्या खोपीत होती. "कंडेन्सर मध्ये घातला की मोटर जोर धरते," असे गावच्या वायरमनने सांगितले. त्यांनी मला फोन करून विचारले आणि मीही "वायरमन म्हणतोय तर हरकत नसावी" असे बोलून गेलो. तिसऱ्या दिवशी सौर पंपाची पेटी गेली. दुरुस्त होऊन यायला सोळा दिवस लागले, हमीतही बसली नाही, आणि तोवर निम्म्या खोडव्याचे फुटवे वाळले.

मी शेतकी पदविकेचा माणूस. विजेतले मला कळत नव्हते, आणि कळत नसताना बोललो. ती गोष्ट मनाला लागली म्हणून कारखान्याच्या विद्युत विभागातील सहकाऱ्यांकडे बसून ही पेटी आत काय करते ते समजावून घेतले. जे समजले ते आपल्या भाषेत खाली देत आहे. तत्त्व एकच आहे, आणि ते एकदा डोक्यात बसले की वरच्या चारही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

कमी करण्याचे दोन मार्ग

मोटरीची चाल निम्मी करायची आहे असे समजा. पहिला मार्ग म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा घालायचा. घरातल्या पंख्याचा जुना मोठा रेग्युलेटर पुष्कळांना आठवत असेल. पंखा एकवर ठेवला की तो डबा हाताला चटका बसेल इतका तापायचा. पंख्याला न दिलेली वीज वाचत नव्हती, त्यातली बरीच डब्यात उष्णता होऊन जळत होती.

हिशेबच करून पाहू. बॅटरी १२ व्होल्टची आहे. मोटरीला ६ व्होल्ट द्यायचे आहेत आणि तारेतून ५ अँपिअर प्रवाह वाहतो आहे. मग उरलेले ६ व्होल्ट अडथळ्यावर पडतात. सहा गुणिले पाच म्हणजे ३० वॅट मोटरीला मिळाले आणि तेवढेच ३० वॅट अडथळ्यात वाया गेले. बैल जोडीने ओढतोय आणि मागे एक गडी लोढणे धरून बसलाय, तसा हा प्रकार.

दुसरा मार्ग म्हणजे अडथळा अजिबात घालायचा नाही. खटका पूर्ण चालू करायचा, मग पूर्ण बंद करायचा, पुन्हा चालू, पुन्हा बंद. खटका बंद असतो तेव्हा त्यातून प्रवाहच जात नाही, म्हणून काही जळत नाही. खटका पूर्ण चालू असतो तेव्हा प्रवाह जातो, पण खटक्यावर व्होल्ट जवळजवळ पडतच नाहीत, म्हणून तेव्हाही फारसे काही जळत नाही. वीज जळायची तर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही एकाच जागी हवेत. या मार्गात खटक्याच्या वाट्याला एका वेळी दोन्हींपैकी एकच येते. सगळी युक्ती एवढ्यात आहे.

अर्थात हे काम हाताने दाबायच्या खटक्याचे नाही. पेटीत नखाएवढ्या तुकड्याचा इलेक्ट्रॉनिक खटका असतो आणि तो सेकंदाला शेकडो, हजारो वेळा चालू-बंद होतो. त्यात हलणारा भाग कोणताच नाही, म्हणून तो झिजत नाही.

ठोक्याची रुंदी

आता चाल कमी-जास्त कशी करायची? खटका किती वेळा वाजतो ते बदलायचे नाही. दर खेपेस तो किती वेळ चालू राहतो तेवढे बदलायचे.

समजा, खटका सेकंदाला एक हजार वेळा चालू-बंद होतो. म्हणजे एका खेपेला सेकंदाचा हजारावा भाग मिळाला. त्यातला निम्मा वेळ चालू व निम्मा वेळ बंद ठेवला, तर मोटरीला सरासरी १२ च्या निम्मे, म्हणजे ६ व्होल्ट मिळाल्यासारखे होते. पाव वेळ चालू ठेवला तर ३ व्होल्ट. पाऊण वेळ ठेवला तर ९ व्होल्ट. वीज देण्याच्या प्रत्येक ठोक्याची उंची तीच, १२ व्होल्टची. बदलते ती ठोक्याची रुंदी. इंग्रजीत याला ‘पल्स विड्थ मॉड्युलेशन’ म्हणतात आणि पेटीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ‘पी.डब्ल्यू.एम.’ अशी तीन अक्षरे छापलेली असतात. पल्स म्हणजे ठोका, विड्थ म्हणजे रुंदी आणि मॉड्युलेशन म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त करणे. चालू वेळेच्या हिश्शाला ‘ड्यूटी सायकल’ म्हणतात. पन्नास टक्के ड्यूटी म्हणजे निम्मा वेळ चालू.

आपल्याला हे नवीन नाही. कॅनॉलच्या पाळीचे तसेच असते. दार उघडते तेव्हा पूर्ण पाणी येते, बंद होते तेव्हा काहीच नाही. महिन्याला किती पाणी मिळाले हे दार किती दिवस उघडे होते त्यावर ठरते. फरक एवढाच की तिथे दिवसांचा हिशेब, इथे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा.

मग मोटर झटके का खात नाही?

हा प्रश्न मीही विचारला. वीज तुटक मिळते तर मोटरही तुटक फिरली पाहिजे. ती तशी फिरत नाही याची दोन कारणे आहेत.

एक, मोटरीचे वजन. चरकाचे जड चाक एकदा फिरू लागले की हात क्षणभर काढला तरी थांबत नाही. मोटरीच्या फिरत्या भागाचेही तेच. सेकंदाचा हजारावा भाग वीज नसली तर त्याला पत्ताही लागत नाही.

दोन, मोटरीतील तारेची गुंडाळी. तांब्याच्या गुंडाळीचा एक स्वभाव आहे, तिला प्रवाहात एकदम झालेला बदल चालत नाही. वीज आली की प्रवाह हळूहळू चढतो, वीज गेली की हळूहळूच उतरतो. खटका बंद झाल्यावरही गुंडाळीला प्रवाह चालू ठेवायचा असतो, म्हणून तिला जायला बाजूने एक वाट ठेवलेली असते. तिला डायोड म्हणतात. ही वाट नसेल तर अडलेला प्रवाह खटक्यावरच जोराने आदळतो आणि खटका फुटतो. ठिबकच्या स्वयंचलित व्हॉल्व्हला किंवा फवारणी पंपाला नवे सर्किट जोडताना गावातला हौशी कारागीर हा दोन रुपयांचा डायोड विसरतो आणि मग "माल डुप्लिकेट निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडण होते.

शिट्टीचे उत्तरही इथेच आहे. पंपाच्या पेट्यांतील खटके सेकंदाला साधारण दोन हजार ते सोळा हजार वेळा वाजतात. तेवढ्या वेळा गुंडाळी आणि लोखंडी पत्रे किंचित थरथरतात. माणसाच्या कानाला तो आवाज ऐकू येतो. तेव्हा बारीक, एकसुरी शिट्टी म्हणजे बिघाड नव्हे. घरघर, खरखर किंवा करपट वास आला तर मात्र ताबडतोब बंद करावे.

पाठीवरच्या बॅटरी पंपाचे बटण

आता पहिला प्रश्न. बटण कमी केले तर बॅटरी वाचते का? होय, वाचते. १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी आहे आणि पूर्ण चालीत मोटर ४ अँपिअर घेते असे धरले, तर हिशेबाने दोन तास फवारणी होईल. बटण खाली आणले की ठोके अरुंद होतात, बॅटरीतून सरासरी प्रवाह कमी जातो आणि बॅटरी जास्त वेळ पुरते.

पण बॅटरी वाचवण्याच्या नादात तणनाशकाची मात्रा चुकते, आणि हे माझ्या खात्याचे दुखणे असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो. बटण कमी केले की मोटर हळू फिरते, मोटर हळू फिरली की नोझलला दाब कमी मिळतो. दाब कमी झाला की दोन गोष्टी होतात. दर मिनिटाला पडणारे पाणी घटते आणि थेंब मोठे होतात. गड्याच्या चालण्याचा वेग मात्र तोच राहतो. म्हणजे एकरी पाणी कमी पडते, आणि पाण्याबरोबर औषधही.

उदाहरण पाहा. एकरी १ किलो औषध द्यायचे आहे आणि एकरी २०० लिटर पाणी पडते असे धरून लिटरला ५ ग्रॅम प्रमाणे द्रावण केले. १५ लिटरच्या टाकीला ७५ ग्रॅम. पण बटण खाली असल्याने प्रत्यक्षात एकरी १५० लिटरच पाणी पडले. मग औषध गेले ७५० ग्रॅम. तण मेले नाही की आपण औषधाला नावे ठेवतो. उलट एखाद्याने भरल्या बॅटरीवर बटण पूर्ण ठेवून सावकाश चालत फवारले तर मात्रा जास्त होऊन उसाची पाने करपतात. दोन्हीकडे दोष औषधाचा नसतो.

यावर उपाय सोपा आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा आखावी, म्हणजे बरोबर एक गुंठा झाला. टाकीत मोजून साधे पाणी घ्यावे. ज्या खुणेवर बटण ठेवून फवारणी करायची आहे त्याच खुणेवर, त्याच नोझलने, त्याच गड्याने नेहमीच्या चालीने तो गुंठा फवारावा. किती लिटर संपले ते मोजून ४० ने गुणावे. ५ लिटर संपले तर एकरी २०० लिटर. मग त्या पाण्यात एकरी औषध बसवावे आणि पूर्ण शेत होईपर्यंत बटणाला हात लावू नये. बॅटरी उतरू लागली की दाब आपोआप घटतो, तेव्हा ओढूनताणून शेवटच्या चार सऱ्या उरकण्यापेक्षा बॅटरी भरून घ्यावी.

याच खटक्याच्या युक्तीने मात्रेचा प्रश्न कसा सोडवता येतो हेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत १९९० च्या सुमारास संशोधकांनी फवारणी यंत्राच्या प्रत्येक नोझलवर विजेवर उघडझाप करणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला. पाण्याचा दाब कायम ठेवायचा आणि व्हॉल्व्ह सेकंदाला दहा वेळा उघडायचा-मिटायचा. ट्रॅक्टर हळू झाला की उघडा वेळ कमी, वेगाने गेला की जास्त. दाब तोच, म्हणून थेंबाचा आकारही बराचसा तोच, फक्त पाणी गरजेप्रमाणे. मध्ये पट्टे कोरडे राहू नयेत म्हणून शेजारचे नोझल आळीपाळीने उघडतात. आपल्या पाठीवरच्या पंपात खटका मोटरीला लावलेला आहे, तिथे तो नोझललाच लावला. तत्त्व एक, पण खटका कुठे लावला यावर गुण अवलंबून असतो.

सौर पंपाची पेटी

केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ साली सुरू झाली. तेव्हापासून आपल्या शिवारात तीन, पाच आणि साडेसात अश्वशक्तीचे सौर पंप दिसू लागले आहेत. यांतील ज्या पंपांना नेहमीसारखी थ्री फेज मोटर आहे, त्यांच्या पेटीचे काम जास्त अवघड असते.

पॅनेलमधून येणारी वीज एका दिशेने वाहणारी, म्हणजे डी.सी. मोटरीला हवी ए.सी., दिशा बदलत राहणारी. महावितरणच्या तारेतील वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण हेलकावा घेते, त्यालाच ५० हर्ट्झ म्हणतात. पेटीत सहा इलेक्ट्रॉनिक खटके असतात, प्रत्येक फेजला दोन. ते डी.सी. विजेचे ठोके पाडतात. पण सगळे ठोके सारख्या रुंदीचे नसतात. अरुंद, जरा रुंद, अधिक रुंद, पुन्हा कमी, मग अरुंद, आणि त्यानंतर उलट दिशेने तसेच. गुंडाळी हे ठोके पचवून सुरेख हेलकावा तयार करते. मोटरीला वाटते, आपल्याला नेहमीचीच वीज मिळाली. ठोक्यांची रुंदी अशी चढवत-उतरवत मोटरीची चाल बदलण्याची पद्धत शोनुंग आणि श्टेमलर या अभियंत्यांनी १९६४ साली ब्राऊन बोव्हरी कंपनीच्या नियतकालिकात मांडली होती. तिला स्वस्त आणि दणकट खटका मिळायला मात्र पुढची वीस वर्षे जावी लागली. तो खटका म्हणजे आय.जी.बी.टी. त्याच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेले जयंत बालिगा हे आपल्याकडच्या मद्रास आय.आय.टी.चे १९६९ सालचे पदवीधर. त्यांनी हे काम १९८० च्या सुमारास अमेरिकेत केले आणि त्याबद्दल २०२४ साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला.

हेलकावे किती द्यायचे हे पेटीच्या हातात असते. ऊन कडक असेल तर ५० हर्ट्झ, ऊन उतरले तर ४५, ४०, ३५. हर्ट्झ कमी करताना व्होल्टही त्याच प्रमाणात कमी करावे लागतात, नाहीतर मोटर तापते. ४१५ व्होल्ट ५० हर्ट्झची मोटर ४० हर्ट्झवर चालवायची तर तिला ३३२ व्होल्टच पुरतात. ठोके अरुंद करून पेटी तेही काम करते. ढग आला की पूर्वीच्या मोटरी घुमायच्या आणि जळायच्या, तसे इथे होत नाही. जेवढे ऊन तेवढे काम, असा हा समजूतदार गडी आहे.

मोटर फिरते, मग पाणी का नाही?

आता दुसरा प्रश्न. पंपाचा एक नियम आहे. चाल कमी झाली की पंपातून वाहणारे पाणी त्याच प्रमाणात घटते, पण पाणी उंच चढवण्याची ताकद वर्गाच्या प्रमाणात घटते. चाल ८० टक्के झाली तर उंची ८० टक्के राहत नाही, ६४ टक्के होते. आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात घटून सुमारे ५१ टक्क्यांवर येते.

एक पंप ५० हर्ट्झवर जास्तीत जास्त ६० मीटर पाणी चढवू शकतो असे समजा. बोअरमधले पाणी ४० मीटरवर आहे. ४५ हर्ट्झला तो साधारण ४८ मीटर चढवेल, म्हणजे पाणी येईल. ४० हर्ट्झला मात्र ३८ मीटरच चढवेल. मोटर फिरते आहे, पेटीवर ४० आकडा दिसतो आहे, पाणीही पाइपात चढले आहे, पण तोंडापर्यंत पोचायला दोन मीटर कमी पडतात. हाच पंप २० मीटरवर पाणी असलेल्या विहिरीवर ४० हर्ट्झला पाणी देत राहील. म्हणून शेजाऱ्याच्या विहिरीवर ढगातही पाणी पडते आणि आपल्या बोअरवर पडत नाही. यात पंप खोटा निघाला असे नाही.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, बोअरमधील मोटर वाहत्या पाण्याने थंड होते. पाणी न देता ती नुसती फिरत राहिली तर तापते. यासाठी पेटीत कमीत कमी हर्ट्झची मर्यादा आणि कोरडे चालण्यापासून संरक्षण अशा सोयी असतात. "पेटी सारखी बंद पडते" म्हणून कोणाकडून तरी ही मर्यादा खाली आणून घेऊ नये. ती आपल्याच मोटरीसाठी आहे. दुसरी, ठिबक असलेल्या सभासदांनी पाळी भर उन्हाच्या वेळेत बसवावी. ढगाळ दिवशी सगळे व्हॉल्व्ह एकदम न उघडता थोडे उघडावेत, म्हणजे दाब टिकतो आणि सरीच्या शेवटच्या उसालाही पाणी पोचते. नाहीतर टोकाचा ऊस बारीक राहतो, आणि तोडणीच्या वेळी त्याचे वजन आपल्यालाच दिसते.

कंडेन्सरने पेटी का जळाली?

आता त्या सभासदांची गोष्ट पुरी करतो. गुंडाळीला प्रवाहातला एकदम बदल चालत नाही हे वर पाहिले. कंडेन्सरचा स्वभाव बरोबर उलटा. व्होल्ट एकदम वाढले की तो त्या क्षणी प्रवाह घटाघटा पितो. तारेतील वीज सावकाश हेलकावे घेते, तिथे तो निभावून जातो. पण पेटीतून बाहेर येणारी वीज ठोक्यांची. प्रत्येक ठोका म्हणजे व्होल्टची उभी उडी. सेकंदाला हजारो उड्या, आणि प्रत्येक उडीला कंडेन्सर एकेक घोट घेतो. पेटीतील खटक्याला ते शॉर्टसर्किटसारखेच. पेटी एक-दोनदा स्वतःहून बंद पडून इशारा देते. आपण पुन्हा चालू करतो. शेवटी खटके फुटतात. त्या सभासदांच्या बाबतीत हेच घडले. जोर देणारा म्हणून जो मध्ये घातला, त्यानेच घात केला. आणि मी हरकत नसावी म्हणालो होतो.

लांब केबलचेही असेच एक गुपित आहे. चारीत एकदम सोडलेल्या पाण्याची लाट बंद दारावर आपटली की उंच उडते. पेटीतून निघालेला ठोकाही लांब केबलमधून जाऊन मोटरीवर आपटतो आणि तिथे त्याची उंची जवळजवळ दुप्पट होऊ शकते. ४१५ व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या अशा पेटीत डी.सी. सुमारे ५८५ व्होल्ट असते. मोटरीच्या तोंडाशी ते अकराशेपर्यंत जाऊ शकते. खोल बोअरची मोटर आणि त्यात जुनी, दोन-तीनदा रिवाइंडिंग झालेली असेल तर तिचे इन्सुलेशन हा मार सहन करत नाही. म्हणून केबल ठरवून दिलेल्या जाडीची आणि लांबीची असावी, खूप लांब असेल तर पेटीच्या पुढे फिल्टर बसवून घ्यावा, आणि रिवाइंडिंग करताना मोटर कोणत्या पेटीवर चालणार आहे ते कारागिराला आधी सांगावे.

गव्हाणीवरही हेच

हंगामात ऊस घेऊन आलात की गव्हाणीकडे एकदा निरखून पाहा. मोळ्यांचा थर जाड झाला की ती हळू होते, पातळ झाला की चाल धरते. पूर्वी अनेक कारखान्यांत हे काम डायनोड्राइव्हने होत असे. त्यात मोटर पूर्ण वेगाने फिरायची आणि वेगातला फरक उष्णता होऊन वाया जायचा, जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखा. आता तिथे खटक्याचीच पेटी बसते. सौर पंपाच्या पेटीतले सहा खटके तेच, आकाराने मोठे. गव्हाण समान चालली की मिलवर उसाचा थर समान जातो, रस नीट निघतो आणि वीज वाचते. या तिन्ही गोष्टी शेवटी आपल्या सर्वांच्या हिशेबात येतात.

थोडक्यात, ध्यानात ठेवायच्या गोष्टी

१. पेटी आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्टार्टर, कंडेन्सर, चेंजओव्हर खटका यांपैकी काहीही घालू नये. बंद-चालू पेटीवरूनच करावे.

२. पेटी पुन्हा पुन्हा बंद पडू लागली तर ती सारखी चालू करत बसू नये. पडद्यावर दिसणारा आकडा किंवा अक्षरे कागदावर लिहून ठेवावीत व दुरुस्ती करणाऱ्याला सांगावीत.

३. पेटीपुढचे व्होल्ट साध्या मीटरने मोजले तर ठोक्यांमुळे मीटर चुकीचा आकडा दाखवतो. त्यावरून मोटर किंवा पेटी खराब ठरवू नये.

४. खटका बंद केला तरी पेटीच्या आत काही मिनिटे वीज साठलेली असते, आणि ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारा जिवंतच असतात. पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय झाकण उघडू नये. घरातील मुलांना हे आवर्जून सांगावे.

५. पेटी सावलीत, हवेशीर जागी असावी. तिच्या जाळीवर धूळ, कोळिष्टके साचू देऊ नयेत. खटके थोडे तापतातच, त्यांना वारा लागतो.

६. फवारणीपूर्वी एका गुंठ्यावर पाणी मोजून घ्यावे आणि नंतर बटण हलवू नये.

सभासद बंधूंनो, वीस वर्षे मोटरी दुरुस्त करणाऱ्या वायरमनचा हात कसबी आहे यात शंका नाही. पण त्याचे ज्ञान सावकाश हेलकावे घेणाऱ्या विजेचे, आणि ही पेटी ठोक्यांच्या विजेची. जुन्या विजेला जे औषध तेच नव्या विजेला विष ठरू शकते. तेव्हा पेटीला काहीही जोडण्यापूर्वी गट ऑफिसला एक फोन करावा. इथून पुढे उत्तर माझ्या अंदाजाने मिळणार नाही, विद्युत विभागाला विचारूनच कळवले जाईल. हा लेख आपल्या गावच्या वायरमनलाही वाचायला द्यावा, ही नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी